जैन दर्शनातील ‘व्यक्ती’ आणि समाजशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र घेऊन एम.ए. करणारे, नेट-सेटची तयारी करणारे आणि जैन घरात वाढूनही ‘नेमकं काय मानतो आपण?’ असं विचारणारे, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. वाटेल तिथून वाचा, पण पहिला प्रश्न टाळू नका. पुढचे बरेच घोटाळे तिथेच जन्माला येतात.

जैन ग्रंथांत ‘व्यक्ती’साठी कोणता शब्द आहे?

आपल्या अर्थाचा नेमका शब्द नाही. मराठीत ‘व्यक्ती’ म्हटलं की नाव, गाव, वय, आधार कार्ड असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. जैन ग्रंथ जीव, आत्मा, प्राणी, पुरुष असे शब्द वापरतात आणि त्यांपैकी कुठल्याही शब्दाला आधार कार्ड लागत नाही.

कळीची जोडी आहे ती द्रव्य (टिकून राहणारी मूळ वस्तू) आणि पर्याय (तिची बदलती अवस्था) यांची. इतवारीच्या सराफ्यात कुणी पाटल्या मोडून गोफ करून घेतला, तर पाटल्या गेल्या, गोफ आला, सोनं तेच राहिलं. तत्त्वार्थसूत्र या जैन सूत्रग्रंथाच्या पाचव्या अध्यायात सत्ची (जे आहे त्याची) व्याख्याच अशी आहे: ‘उत्पादव्ययध्रौव्ययुक्तं सत्’. उपजणं, नाहीसं होणं आणि टिकून राहणं ही तिन्ही एकाच वेळी. आता सोन्याच्या जागी जीव ठेवा. किराणा दुकान चालवणारे, दोन मुलांचे वडील, साखरेचा त्रास असलेले, पंचावन्न वर्षांचे गृहस्थ हा त्या जीवाचा सध्याचा मनुष्य-पर्याय. समाजशास्त्र ज्या व्यक्तीचा अभ्यास करतं ती बहुतेक वेळा हा पर्यायच असते. म्हणून ‘जीव म्हणजे व्यक्ती’ असं सरळ समीकरण उत्तरपत्रिकेत मांडलं की पुढचं सगळं उत्तर घसरतं.

जीवाची लक्षणं किती आणि कोणती लिहायची?

एका ओळीत हवं असेल तर ‘उपयोगो लक्षणम्’. इथे उपयोग म्हणजे वापर नव्हे, जाणण्या-पाहण्याची क्रिया. सविस्तर हवं असेल तर नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहातली दुसरी गाथा धरा. तिच्यात नऊ गोष्टी येतात: तो जीव आहे, उपयोगमय आहे, अमूर्त आहे, कर्ता आहे, स्वदेहाएवढा आहे, भोक्ता आहे, संसारी आहे, सिद्ध (मुक्त) आहे आणि स्वभावानं वर जाणारा आहे.

ही यादी नुसती पाठ करू नका. तिच्यातलं जवळपास प्रत्येक पद कुणाला तरी दिलेलं उत्तर आहे. ‘कर्ता’ हे सांख्यांना, कारण त्यांचा पुरुष काही करत नाही, नुसता पाहतो. ‘स्वदेहाएवढा’ हे नैयायिकांना, कारण त्यांचा आत्मा सर्वव्यापी. ‘भोक्ता’ हे क्षणिकवादी बौद्धांना: ज्यानं केलं तोच उरला नाही, तर भोगायचं कुणी? पद आणि त्याचा प्रतिपक्ष अशा जोड्या लिहिल्या की उत्तराला वजन येतं.

आत्मा देहाएवढा असेल, तर हत्ती मरून मुंगी झाल्यावर त्याचं काय होतं?

दिव्याचा दाखला तत्त्वार्थसूत्रातच आहे (‘प्रदीपवत्’). खोलीतला दिवा मडक्याखाली ठेवला की उजेड मडक्याएवढा होतो, ज्योत कमी होत नाही. प्रत्येक जीवाचे प्रदेश (सूक्ष्म अंश) असंख्यात असतात. ते आकसतात, पसरतात, पण एकमेकांपासून तुटत नाहीत. म्हणून ‘आत्म्याचे तुकडे होतात का’ या उपप्रश्नाचं उत्तर ‘नाही’.

‘जैन प्लेट’मध्ये बटाटा चालत नाही. याचा व्यक्तीच्या संकल्पनेशी काय संबंध?

थेट संबंध आहे. आमच्या मते या विषयातला हा सगळ्यात रंजक कोपरा आहे आणि अभ्यासात सगळ्यात दुर्लक्षित.

वनस्पतिकायिक जीवांचे दोन गट मानले आहेत. ‘प्रत्येक’ म्हणजे एका देहाचा मालक एक जीव. ‘साधारण’ म्हणजे एकाच देहात अनंत जीव: त्यांचा आहार एक, श्वास एक, जन्मणं-मरणंही एकत्र. यालाच निगोद म्हणतात. गोम्मटसार या दिगंबर ग्रंथात म्हटलंय की निगोदाच्या एका देहात आजवर सिद्ध झालेल्या सगळ्या जीवांपेक्षा अनंत पटीनं जास्त जीव असतात. असे जीव कुठल्या वनस्पतीत आहेत हे ओळखण्याच्या खुणाही तिथेच दिल्यात: शिरा, सांधे, पेरं दिसत नाहीत, तोडलं की सपाट तुटतं, मध्ये तंतू राहत नाही, आणि कापलेला तुकडा लावला तरी उगवतो. बटाट्याचा डोळा असलेली फोड मातीत रोवून पाहा, शेवटची खूण पटेल. श्वेतांबर अशा कंदमुळांना सरळ अनंतकाय म्हणतात. दिगंबर वर्गीकरणात त्यांचं नाव ‘सप्रतिष्ठित प्रत्येक’: मालक एक, पण त्याच्या आश्रयानं निगोद जीव राहतात. ताटात मात्र दोघांचा निकाल सारखाच.

आता टपरीवरच्या तर्री-पोह्याकडे या. हरभऱ्याची अडचण नाही. पण नुसत्या बटाट्याच्या फोडी बाजूला काढून ती प्लेट जैन होत नाही. पोह्यांच्या फोडणीतला कांदा आणि तर्रीच्या वाटणातलं लसूण, ओलं आलं हेही पाहावं लागतं. सुंठ आणि वाळलेली हळद मात्र चालते.

संकल्पनेच्या दृष्टीनं गंमत अशी की निगोदात देह सामाईक, श्वास सामाईक, तरी प्रत्येक जीवाचं कर्म स्वतंत्र. मेल्यावर त्यातला एखादा जीव बाहेर पडून वेगळ्या योनीत जातो, बाकीचे पुन्हा निगोदातच जन्मतात. म्हणजे जैन विचारात व्यक्तीची सीमा कातडीपाशी ठरत नाही, ती कर्माच्या खात्यापाशी ठरते. पाश्चात्त्य समाजशास्त्रात ‘एक शरीर, एक व्यक्ती’ हे इतकं गृहीत असतं की कुणी ते लिहूनही ठेवत नाही. इथे ते गृहीतक आधीच मोडलेलं आहे.

(निगोदाची मूळ चर्चा वाचायची तर षट्खंडागम या दिगंबर आगमग्रंथावरची धवला टीका हवी. ती डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनात १९३९ पासून १६ भागांत आली आणि हे काम आपल्या विदर्भात, अमरावतीत सुरू झालं. हे इथल्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं.)

नामकर्म म्हणजे माणसाला नाव मिळवून देणारं कर्म का?

नाही. ही चूक इतकी नेमानं होते की वेगळा प्रश्नच करावा लागला. कर्मं आठ. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घाती, म्हणजे जीवाच्या गुणांवर घाव घालणारी. वेदनीय, आयुष्य, नाम आणि गोत्र ही चार अघाती. नामकर्म ठरवतं ते गती, इंद्रियांची संख्या, देहाची ठेवण, रंग, आवाज वगैरे. त्याचे पोटभेदच ९३ आहेत. आठही कर्मांचे मिळून भेद १४८. त्यात मोहनीयाचे २८ आहेत आणि आपण ज्याला रोजच्या बोलण्यात ‘स्वभाव’ म्हणतो तो बराचसा या २८ मध्ये सापडतो. ‘व्यक्तिमत्त्व’ या मानसशास्त्रीय शब्दाशी तुलना करायचीच असेल तर मोहनीयाशी करा.

गोत्रकर्म म्हणजे जातव्यवस्थेला दिलेला धार्मिक आधार का?

इथे ग्रंथ आणि समाज वेगळे ठेवून लिहावं लागतं. गोत्रकर्माचे उच्च आणि नीच असे दोन भेद आहेत, हे खरं. पण नवव्या शतकातल्या आदिपुराणात जिनसेन ‘मनुष्यजातिरेकैव’ म्हणतात: माणसाची जात एकच, भेद पडले ते उपजीविकेमुळे. त्याच ग्रंथात वर्णांची मांडणीही येते, हे लपवायचं कारण नाही.

समाजात काय घडलं? विदर्भात सैतवाल, बघेरवाल, परवार, खंडेलवाल, ओसवाल असे गट आहेत आणि सोयरीक जुळवताना ते वर्षानुवर्षं पाळले गेले. विलास संगवे यांनी जैन समाजाचं सामाजिक सर्वेक्षण १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात या पोटजातींचा सविस्तर विचार आहे. एकट्या जीवाचं तत्त्वज्ञान मानणारा समाज लग्नाच्या वेळी गटानंच विचार करतो. यात दांभिकपणा शोधण्यापेक्षा तत्त्वज्ञान जीवाबद्दल बोलतंय आणि सोयरीक पर्यायाशी होतेय, एवढं ध्यानात घेतलं तर विश्लेषण पुढे सरकतं.

‘मी स्वतः काही केलं नाही’ म्हटल्यावर जबाबदारी संपते का?

संपत नाही, उलट तिचा गुणाकार होतो. हिशोब असा:

मन, वचन, काया – ३
स्वतः करणं, करवून घेणं, अनुमोदन देणं – ३
संरंभ (मनसुबा), समारंभ (साधनांची जुळवाजुळव), आरंभ (प्रत्यक्ष सुरुवात) – ३
क्रोध, मान, माया, लोभ – ४

३ × ३ × ३ × ४ = १०८.

समजा, कळमन्याकडे एकाचं धान्याचं गोदाम आहे आणि तुरीच्या डाळीत भुंगे दिसले. मालकानं ठरवलं की यंदा विषारी गोळ्या लावायच्या. हा संरंभ. गोळ्या, ताडपत्र्या मागवल्या, हा समारंभ. दिवाणजींना फोनवर ‘लावून घ्या’ म्हटलं आणि काम सुरू झालं, हा आरंभ. मालकाचा हात कुठेच लागला नाही. पण वचनानं, करवून घेऊन आणि लोभापायी, असं त्याचं खातं उघडलं. भागीदारानं नुसती मान डोलावली, त्याचं अनुमोदनाचं. हमालानं गोळ्या ठेवल्या, त्याचं स्वतः केल्याचं. तिघांत पाप वाटलं जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येत नाही. प्रत्येकाचा कर्मबंध त्याच्या त्याच्या कषायाच्या (क्रोध, लोभ अशा विकाराच्या) तीव्रतेप्रमाणे, पूर्ण.

मोठ्या संस्थांमध्ये जबाबदारी कशी विरघळते, ‘मी फक्त सही केली’ हे वाक्य कसं तयार होतं, यावर समाजशास्त्रात भरपूर लिहिलं गेलंय. त्याच्याशी तुलना करायला हे १०८चं कोष्टक फार उपयोगी पडतं.

दोन खबरदाऱ्या. हे १०८ शिक्षेचे प्रकार नाहीत, कर्म येण्याच्या वाटा आहेत. आणि गृहस्थाला सगळ्या वाटा बंद करायला सांगितलेलं नाही. संकल्पी (ठरवून केलेली) हिंसा सोडायची. आरंभी (घरकामातली), उद्योगी (धंद्यातली) आणि विरोधी (बचावासाठीची) हिंसा शक्य तितकी कमी करायची. म्हणून काळजी घेणारा व्यापारी माल वेळेवर उन्हात देतो, ओल येऊ देत नाही, कमी साठवतो. भुंगे झाल्यावर काय करायचं यापेक्षा ते होऊच नयेत याची खटपट जास्त.

एकाचं पुण्य दुसऱ्याला देता येतं का?

नाही. बायकोनं अठाई (आठ दिवसांचा उपास) केली म्हणून नवऱ्याची निर्जरा होत नाही, म्हणजे त्याचं कर्म झडत नाही. तो मनापासून अनुमोदना करतो, तिचं फळ त्याला मिळतं, पण ते त्याच्या स्वतःच्या भावाचं. मृताच्या नावानं दान केलं तर त्याचं पुण्य देणाऱ्याचं. बारा अनुप्रेक्षांमध्ये (चिंतनाच्या विषयांमध्ये) एकत्व (मी एकटा जन्मतो, एकटा मरतो) आणि अन्यत्व (देहसुद्धा मी नाही) अशा दोन स्वतंत्र भावना ठेवल्या आहेत त्या याचसाठी.

तेच कुटुंब आयकराच्या कागदावर मात्र ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ म्हणून एक घटक असू शकतं. १९५५चा हिंदू विवाह कायदाही जैनांना लागू आहे आणि २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जाही आहे. कर्माचं खातं एकट्याचं, बाकीची बरीच खाती सामाईक.

म्हणजे जैन विचार व्यक्तिवादी म्हणायचा?

घाईनं म्हणू नका. तिघांची मतं समोर ठेवून पाहा.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खिम म्हणतो की आधुनिक समाजात व्यक्तीला पावित्र्य येतं, पण ते पावित्र्य समाजच बहाल करतो. जैन जीवाचं मोल समाजानं दिलेलं नाही, आणि ते माणसापुरतंही नाही. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्यांना आहे.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लुई द्युमाँनं १९६० च्या निबंधात मांडलं की भारतात ‘व्यक्ती’ सापडते ती संन्याशात, समाजाबाहेर. गृहस्थ हा जातीच्या जाळ्यातला दुवा. जैन उदाहरण या मांडणीला अर्धंच बसतं. एक म्हणजे श्रावकही स्वतंत्र व्रतधारी आहे: पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं अशी बारा, आणि ती तो स्वतः निवडून, मर्यादा ठरवून घेतो. दुसरं म्हणजे संन्यासी समाजाबाहेर जातच नाही. संघ चतुर्विध आहे: साधू, साध्वी, श्रावक, श्राविका. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. दारात ‘तिष्ठ, तिष्ठ’ म्हणत उभा असलेला गृहस्थ नसेल तर ओंजळ रिकामी राहते. घासात केस किंवा जीव सापडला तर अंतराय (विघ्न) झाला म्हणून आहार तिथेच थांबतो, आणि त्या घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही सिद्धांतात नीट बसत नाही.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियटनं १९७६ मध्ये भारतीय माणूस ‘अविभाज्य’ नसून ‘विभाज्य’ आहे असं म्हटलं: अन्न, स्पर्श, देवाणघेवाण यांतून द्रव्यं सतत आतबाहेर करतात. वरवर हे आस्रवासारखं (जीवात कर्म शिरण्यासारखं) वाटतं, कारण जैनांचं कर्मही सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्यच आहे, आत येणारं आणि चिकटणारं. पण ते एका जीवातून दुसऱ्या जीवात बदली होत नाही. सांधा जुळतो तो एवढाच, पुढे वाटा फुटतात.

आणि जे सूत्र जैन बोधचिन्हावर छापलेलं दिसतं ते ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’: एकमेकांना उपकारक होणं हे जीवांचं कार्य. हिशोब एकट्याचा, व्यवहार एकमेकांशी. ‘व्यक्तिवाद’ या शब्दात दुसरी बाजू मावत नाही.

बौद्धांच्या अनात्मवादापेक्षा हे वेगळं कसं?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीमुळे नागपुरात हा प्रश्न हमखास येतो. बौद्ध विचारात टिकून राहणारा आत्मा नाही, पाच स्कंधांचा (घटकांचा) प्रवाह आहे. जैन विचारात बदल खरा आणि टिकणारं द्रव्यही खरं. ‘दीक्षा’ या शब्दाचाही घोळ होतो. दीक्षाभूमीवर लाखोंनी एकत्र धम्म स्वीकारला आणि संसारात राहिले. जैन दीक्षा एकेका माणसाची असते: घर सुटतं, केशलोच (केस हातानं उपटणं) होतो, नाव बदलतं. तरी श्वेतांबर परंपरेत त्यासाठी घरच्यांची आज्ञा घेण्याची रीत आहे. आयुष्यातला सर्वांत एकट्याचा निर्णय, आणि त्यावर घरच्यांची संमती; समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं इथे थांबावं.

आणि वेदान्तापेक्षा?

मुक्त झाल्यावर जीव ब्रह्मात विलीन होत नाही. सिद्धशिलेवर अनंत सिद्ध आहेत, एकाच जागेत एकमेकांना अडथळा न करता, आणि प्रत्येक वेगळा. आकार शेवटच्या देहापेक्षा किंचित कमी.

अनेकांतवाद म्हणजे ‘सगळ्यांचंच बरोबर’?

नाही. जैन विधानाला जोडतात तो ‘स्यात्’ शब्द म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका विशिष्ट अपेक्षेनं’. माणूस नित्य आहे, द्रव्याच्या अपेक्षेनं. अनित्य आहे, पर्यायाच्या अपेक्षेनं. अपेक्षा न सांगता दोन्ही वाक्यं बोललात तर दोन्ही चूक.

स्त्री-पुरुष भेद जीवात असतो का?

जीवात नाही. देहाची घडण नामकर्मानं येते, तिला द्रव्यवेद म्हणतात. आतली वासना-भावना मोहनीयातल्या वेदानं येते, तो भाववेद: स्त्री, पुरुष, नपुंसक असे तीन. दोन्ही जुळलेच पाहिजेत असं नाही. जैविक लिंग आणि सामाजिक लिंगभाव हा आजचा भेद याच्याशी जुळवताना सावध राहा, कारण भाववेद आतून येतो, समाजानं शिकवलेला नसतो. स्त्रीदेहातून मोक्ष मिळतो की नाही, यावर दोन संप्रदायांत मतभेद आहेत. श्वेतांबर ‘हो’ म्हणतात आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्ली यांना स्त्री मानतात. दिगंबर दोन्ही मानत नाहीत.

सल्लेखना (आहार कमी करत मरण स्वीकारण्याचं व्रत) दुर्खिमच्या आत्महत्येच्या कुठल्या वर्गात घालायची?

विद्यार्थी डोळे मिटून ‘परार्थवादी आत्महत्या’ (समाजाशी अती एकरूप झाल्यामुळे केलेली) असं लिहितात. आधी ग्रंथातल्या अटी पाहा. जैन आचार्य समंतभद्र उपाय नसलेला उपसर्ग (संकट), दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग अशीच निमित्तं सांगतात. गुरूची अनुज्ञा लागते आणि आहार टप्प्याटप्प्यानं कमी होतो. पाच अतिचारांमध्ये (व्रतातल्या दोषांमध्ये) जगण्याची इच्छा जशी आहे तशीच लवकर मरण यावं ही इच्छाही आहे. मरणाची ओढ हाच दोष ठरतो, तिथे दुर्खिमचा वर्ग चिकटवण्याआधी युक्तिवाद करावा लागतो. उलट बाजूही लिहा: राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ ला ही प्रथा गुन्ह्याच्या कक्षेत आणली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्या निकालाला स्थगिती दिली.

नागपुरात क्षेत्रकार्य करायचं तर कधी आणि कसं?

चातुर्मासात, आषाढ ते कार्तिक. साधू-साध्वी एका जागी असतात, एरवी विहारात (पायी प्रवासात) गाठ पडणं कठीण. इतवारीचा परिसर आणि साधारण ५० किलोमीटरवरचं रामटेकचं शांतिनाथ क्षेत्र यांपासून सुरुवात करा.

आधी मंदिराच्या व्यवस्थापनाला भेटा, मग घरांना. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. मुनींच्या आहाराच्या वेळी चौक्याच्या (सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या) रेषेबाहेर थांबा. सोवळ्यातल्या माणसाला चुकून हात लागला तर त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागते आणि तुमची मुलाखत तिथेच संपते. सामायिक (समभावानं बसण्याची साधना) ४८ मिनिटांचं असतं, मध्ये प्रश्न विचारू नका. सूर्यास्तानंतर जेवायच्या निमित्तानं बोलणं होईल, ही आशा सोडा.

प्रश्नावलीत ‘तुम्ही व्यक्तिस्वातंत्र्य मानता का’ असं विचाराल तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी विचारा: शेवटचं कुठलं पच्चक्खाण (त्यागाचा नेम) घेतलं, कुणाला विचारून, घरात कोण नाराज झालं, मोडलं तेव्हा काय केलं?

तारखा तपासून घ्या. श्वेतांबर पर्युषण आठ दिवसांचं, भाद्रपद शुद्ध चतुर्थी किंवा पंचमीच्या संवत्सरीला संपतं. दिगंबरांचं दशलक्षण त्याच पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. त्यानंतरची क्षमावाणी (एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस) बुंदेलखंडाकडून आलेल्या घरांच्या पंचांगात (तिकडे महिना पौर्णिमेला संपतो) आश्विन कृष्ण प्रतिपदेला लिहिलेली असते. आपल्या कालनिर्णयात तोच दिवस भाद्रपद कृष्ण प्रतिपदा. महिन्याचं नाव पाहून सुट्टी टाकली, तर महिनाभर उशिरा पोहोचाल.